सुक्याबरोबर ओलं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय एकच दिला आहे : ‘नोकरीनं मला काय शिकवलं’. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटल्यावर बहुतेकांची अपेक्षा कृत्रिम बुद्धिमत्तेची असणार. मघाशी चहाच्या वेळी तिघांनी विचारलंसुद्धा, की पोरांना आता कॉम्प्युटरला घालावं की नको. त्याचं उत्तर जेवताना देते. इथे मी चोरीबद्दल बोलणार आहे. कामाच्या ठिकाणी चोरी होते, चोर सापडत नाही, आणि मग वरून फर्मान येतं, ‘सगळ्यांनी मिळून भरा’. त्याबद्दल.

हा विषय निवडायला कारण आहे. आपल्या तुकडीतले निम्मे लोक आज कुणाचे ना कुणाचे साहेब आहेत. कुणाचं दुकान आहे, कुणाचा दवाखाना, कुणी पतसंस्थेत व्यवस्थापक आहे, कुणी कारखान्यात शिफ्ट सांभाळतं, दोघी तर मुख्याध्यापिका आहेत. म्हणजे हा निर्णय कधीतरी तुमच्या टेबलावर येणारच. काहींच्या टेबलावर येऊनही गेला असेल.

शाळेतली सामुदायिक शिक्षा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ‘कोण बोललं ते सांगा, नाहीतर अख्खा वर्ग उभा.’ आपण उभे राहायचो, एकमेकांकडे बघून हसायचो, तास संपला की शिक्षा संपायची. पुढच्या तासाला कुणाच्या लक्षातही नसायचं. नोकरीत मात्र घंटा होत नाही, हे मला २०१२ साली कळलं.

तेव्हा मी पुण्यातल्या एका कंपनीत होते. आमच्या गटाकडे मोबाइलवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम होतं. वेगवेगळ्या कंपन्यांचे चोवीस फोन चाचणीसाठी एका लोखंडी कपाटात असायचे. कपाटाला कुलूप होतं आणि त्याची किल्ली शेजारच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली असायची. फोन नेताना सही करायला एक वही होती. त्या वहीतली शेवटची सही चार महिन्यांपूर्वीची होती. एका सोमवारी कपाट उघडलं तर सहा फोन नाहीत. किंमत एक लाख सव्वीस हजार.

दोन दिवस शोधाशोध झाली. शुक्रवारी ईमेल आला. ‘ज्यानं घेतले त्यानं सोमवारपर्यंत आणून ठेवावेत, काही विचारलं जाणार नाही. तसं न झाल्यास नुकसान त्या खोलीत वावर असणाऱ्या सर्वांकडून समान वसूल केलं जाईल.’ आम्ही अकरा इंजिनिअर आणि त्या मजल्यावर साफसफाई करणाऱ्या तीन बायका. एकूण चौदा. माणशी नऊ हजार.

‘समान’ हा शब्द मी तेव्हा नीट वाचला. आम्हा अकरा जणांना नऊ हजार म्हणजे एखादी सहल रद्द, नाहीतर नवीन फ्रीज पुढच्या दिवाळीला. त्या तिघी कंत्राटदाराच्या माणसं. त्यांचा महिन्याचा पगार सहा हजार. म्हणजे कागदावर वाटणी अगदी सारखी होती, आणि प्रत्यक्षात आमचे काही दिवस आणि त्यांचे दीड महिने जात होते.

आमच्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की पैसे देऊन टाकू, डोक्याला ताप नको. ते काही वाईट लोक नव्हते. डेडलाइन होती, घरी लहान मुलं होती. पण त्या आठवड्यात आमच्या गटात जे झालं ते मी अजून विसरलेले नाही. जो मुलगा रोज सगळ्यात उशिरा थांबायचा त्याच्याबद्दल कुजबुज सुरू झाली. एकानं नुकतीच नवी गाडी घेतली होती, त्याच्या हप्त्याचा हिशोब दुसरेच करू लागले. चारच्या चहाला आम्ही सगळे खाली जायचो, ते बंद झालं. लोक जागेवर चहा मागवू लागले. बॅगांना कुलपं लागली. फोन सहाच गेले होते, पण आम्ही एकमेकांकडे बघायचो ती नजर कितीतरी जास्त गेली होती.

त्या तिघींपैकी सर्वात वयस्कर होत्या त्यांना आम्ही मावशी म्हणायचो. त्या मला जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, ‘मॅडम, तुमचे पैसे जातील. माझं नाव जाईल. मी पैसे भरले की मी घेतले असं होतं. न भरावं तर मीच घेतले असं होतं.’

एवढ्या चार वाक्यांत त्यांनी सगळं प्रकरण मांडलं होतं. ज्याचं वजन आहे त्यानं दंड भरला तर त्याला लोक समजूतदार म्हणतात. ज्याचं वजन नाही त्यानं भरला तर लोक म्हणतात, बघा, कबूल केलं.

त्या रात्री मी आपल्याच वर्गातल्या एका वकील मैत्रिणीला फोन केला. ती आज इथे बसली आहे. नाव घ्यायचं नाही अशी तिची अट आहे, तेव्हा दुसऱ्या रांगेकडे कुणी वळून बघू नका. तिनं मला अर्धा तास कायदा समजावला आणि तो इतका साधा आहे की इथे सांगते.

तेव्हा आपल्याकडे १९३६ चा वेतन प्रदान अधिनियम होता. पगारातून कोणत्या कारणांसाठी पैसे कापता येतात याची यादीच त्याच्या सातव्या कलमात होती. मालकाला सुचेल ते कारण चालत नाही. त्या यादीत नुकसानभरपाई होती, पण तिला अटी होत्या. ती वस्तू त्या माणसाच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेली हवी, आणि नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे किंवा कसुरीमुळे झालेलं हवं. पैशांची तूट असेल तर त्या पैशांचा हिशोब देणं हे त्याचं काम असायला हवं. दहाव्या कलमात आणखी दोन गोष्टी होत्या. कपात नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये, आणि कपात करण्याआधी त्या माणसाला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यायला हवी. २०१९ च्या वेतन संहितेत हे जुने कायदे एकत्र केले, तेव्हाही हे तत्त्व तसंच ठेवलं आहे.

आता हा कायदा आमच्या कपाटाला लावून बघा. फोन कुणाच्या ताब्यात ‘स्पष्टपणे सोपवले’ होते? कुणाच्याच नाही. किल्ली खिळ्याच्या ताब्यात होती. साफसफाई करणाऱ्या बाईला कपाट पुसायचं काम दिलं होतं, सांभाळायचं नव्हतं. मैत्रीण मला म्हणाली, ‘त्या जुन्या कायद्याला पगाराची मर्यादा आहे, तुम्ही इंजिनिअर त्यात बसत नाही. पण त्या बायका बसतात. कायदा त्यांच्यासाठीच आहे आणि त्यांनाच तो माहीत नसणार.’

दुसऱ्या दिवशी मी एक पानी पत्र लिहिलं. त्यात आरोप एकही नव्हता, चार प्रश्न होते. कपाटाची जबाबदारी लेखी कुणावर होती? पोलिसांत तक्रार दिली आहे का? दाराच्या कार्डाच्या नोंदी तपासल्या आहेत का? आणि चौदापैकी कुणाला आपली बाजू मांडायला बोलावलं आहे का?

त्या पत्रावर अकरापैकी नऊ जणांनी सह्या केल्या. दोघांनी केल्या नाहीत, त्यांच्या अडचणी होत्या. तिघी मावश्यांनी मराठीत सह्या केल्या. एकीनं तर सही करायच्या आधी पत्र आपल्या मुलीकडून वाचून घेतलं, ती तेव्हा दहावीत होती.

पोलिसांत तक्रार दिलेली नव्हती. बाहेर कळलं तर ग्राहक कंपनीला काय वाटेल, ही भीती होती. म्हणजे ज्यानं चोरी केली त्याला शोधायचं नव्हतं, कारण त्यात नाव जाण्याचा धोका होता. आणि ज्यांनी केली नव्हती त्यांच्याकडून पैसे घेण्यात कुणाला धोका दिसत नव्हता. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

दाराच्या नोंदी काढल्या तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. आधीच्या आठवड्यात चार दिवस एसीचं काम चालू होतं. सामान ने-आण करायला सोपं जावं म्हणून दाराला खुर्ची लावून ते उघडं ठेवलं होतं. दार उघडं असलं की कार्डाची नोंद होत नाही. म्हणजे तिथे जाऊ शकणारे लोक चौदा नव्हते, त्या मजल्यावरचे सगळे होते, शिवाय बाहेरून आलेले. चौदा हा आकडा पुराव्यातून आलेला नव्हता. एक लाख सव्वीस हजाराला सहज भाग जावा म्हणून तो धरला होता, असंच मला आजही वाटतं.

तीन आठवड्यांनी वसुली रद्द झाली. कुणाचाच एक रुपया कापला गेला नाही. फोन मिळाले नाहीत आणि चोरही कळला नाही. हे ऐकून तुम्ही टाळ्या वाजवायच्या आधी पुढचं सांगते. दुसऱ्या आठवड्यातच कंत्राटदारानं त्या तिघींपैकी सर्वात तरुण मुलीला ‘उद्यापासून येऊ नको’ सांगितलं होतं. आम्ही विचारलं तर कंपनी म्हणाली, ती कंत्राटदाराची माणूस. कंत्राटदार म्हणाला, कंपनीचा निरोप होता. ती परत आली नाही. सगळ्यांवर समान म्हणून सुरू झालेली शिक्षा शेवटी एकाच माणसाला झाली, आणि ते कोण असणार हे पहिल्या दिवशीही सांगता आलं असतं. सामुदायिक संशय असा पाण्यासारखा असतो. ओततो सगळ्यांवर, साचतो सखल भागात.

याचं सर्वात मोठं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यात चोरी कुणी केली हा प्रश्नच उरला नाही. अमुक जमातीत जन्मलात की तुमची नोंद गुन्हेगार म्हणून. पोलिसांकडे हजेरी, गावाबाहेर जायचं तर परवानगी. सोलापुरात तर तारेच्या कुंपणातली वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा देशभरातून गेला, म्हणून भटके-विमुक्त लोक त्या तारखेला विमुक्त दिन पाळतात. कायदा गेला तरी संशय किती चिवट असतो हे लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’मध्ये लिहिलं आहे. १९८७ साली आलेल्या त्या आत्मकथनाला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं.

आणि युद्धातसुद्धा हे चालत नाही, बरं का. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारातलं तेहेतिसावं कलम सांगतं की ज्यानं स्वतः गुन्हा केला नाही त्याला शिक्षा करायची नाही, आणि सामुदायिक शिक्षा निषिद्ध आहे. शत्रूच्या ताब्यातल्या नागरिकांना जे संरक्षण आहे, ते ऑफिसातल्या माणसाला असायला हरकत नसावी.

आता माझ्या धंद्याकडे वळते, कारण इथे बसलेले काहीजण मनात म्हणत असतील, की कॅमेरे लावा, कॉम्प्युटरवर नोंदी ठेवा, प्रश्न मिटला.

अर्धं खरं आहे. आमच्याकडे ‘लॉग’ नावाची गोष्ट असते. कुणी, कधी, काय केलं याची यंत्र आपोआप ठेवतं ती नोंदवही. ती नीट ठेवली तर निर्दोष माणूस सुटतो, हा तिचा सर्वात मोठा उपयोग. पण त्यासाठी प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा हवा. किती दुकानांत, दवाखान्यांत आणि शाळांत एकच पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला मी पाहिला आहे. तो आमच्या खिळ्यावरच्या किल्लीचा सख्खा भाऊ. सगळ्यांचा पासवर्ड एक असला की नोंद कुणाचीच राहत नाही, आणि काही बिघडलं की बोट मात्र सगळ्यांकडे जातं.

उरलेलं अर्धं ब्रिटनमधल्या टपाल खात्यानं शिकवलं. तिथे छोटी टपाल कार्यालयं चालवणारे उपडाकपाल असतात, आपल्याकडच्या एजन्सीसारखे. १९९९ पासून त्यांच्याकडे ‘होरायझन’ नावाची संगणक प्रणाली आली, फुजित्सू कंपनीची. त्या प्रणालीत दोष होते आणि हिशोबात नसलेली तूट दिसायची. खात्यानं सांगितलं, संगणक चुकत नाही, तूट तुम्हीच भरा. लोकांनी घरं गहाण ठेवून पैसे भरले. नऊशेहून अधिक लोकांवर चोरी, खोटे हिशोब अशा गुन्ह्यांचे ठपके बसले, काही तुरुंगात गेले. २०१० मध्ये भारतीय वंशाची एक बाई गरोदर असताना तुरुंगात गेली. पुढे २०२१ मध्ये तिची शिक्षा रद्द झाली. २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं प्रणालीत दोष होते असं मान्य केलं, आणि २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून शेकडो लोकांचे ठपके पुसावे लागले.

यात मला सर्वात जास्त काय लागलं सांगू? त्यातल्या अनेकांना सांगितलं गेलं होतं की असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. शेकडो माणसं आपापल्या गावात एकटी पडली होती. आमच्याकडे चौदा जणांना एकत्र दोषी धरलं, तिकडे शेकडोंना वेगवेगळं करून दोषी धरलं. दोन्हीकडे कमतरता एकाच गोष्टीची होती. ‘तुझं म्हणणं काय आहे?’ हे कुणी विचारलं नाही आणि पुरावा कुणी उघडून दाखवला नाही. म्हणून सॉफ्टवेअर लिहिणारी बाई म्हणून मी सांगते : यंत्राची नोंद ही साक्ष आहे, निकाल नाही. साक्षीदाराला उलट प्रश्न विचारता आले पाहिजेत.

शेवटी एक गोष्ट, नाहीतर मी सामुदायिक जबाबदारीच्याच विरोधात आहे असं वाटेल. तसं नाही. बचतगटात बायका एकमेकींच्या कर्जाची जबाबदारी घेतात. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या भरतात, कुरकुर करत का होईना. ते चालतं, कारण तिथे तीन गोष्टी असतात. गटात येताना ही अट माहीत असते. कुणाला घ्यायचं, कुणाला कर्ज द्यायचं हे त्याच ठरवतात. आणि गट चालला तर फायदा त्यांचाच असतो. आपल्या खिळ्यावरच्या किल्लीला हे तीन प्रश्न विचारा. आधी सांगितलं होतं? नाही. थांबवायचा अधिकार होता? नाही. फायद्यात वाटा होता? नाही. मग तोट्यात तेवढा वाटा कसा?

तेव्हा तुमच्यापैकी जे साहेब आहेत त्यांना माझी विनंती आहे. गल्ल्यात तूट आली, कपाटातून काही गेलं, तर आधी बघा की त्याची जबाबदारी कुणा एकाच्या नावावर लिहून दिली होती का. नसेल तर ती चूक व्यवस्थेची आहे, आणि व्यवस्था तुमची आहे. तक्रार द्या, नोंदी बघा, प्रत्येकाला एकेकटं बसवून शांतपणे ऐकून घ्या. चोर नाहीच सापडला तर तोटा धंद्याच्या खाती लिहा. किल्लीला एक नाव द्या, प्रत्येकाला आपला पासवर्ड द्या, आणि कामवाल्या बाईला, वॉचमनला, पोऱ्याला सगळ्यात आधी बोलावू नका. कंत्राटदाराच्या माणसाला काढताना कारण लेखी मागा.

आणि जे साहेब नाहीत, त्यांच्यासाठी : असं फर्मान आलं तर एक पान कागद घ्या, प्रश्न लिहा, आणि एकट्याच्या सहीनं देऊ नका. कायदा कळत नसेल तर दुसऱ्या रांगेत विचारा. ती फी घेत नाही, फक्त भडंग मागते.

सर, बाई, तुम्ही आम्हाला बाकावर उभं केलंत त्याबद्दल आमची काही तक्रार नाही.